मुलांसोबत विजेची आगगाडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

विजेवर चालणाऱ्या छोट्या आगगाडीबद्दल या वेळी बरीच पत्रं आली, आणि त्यातली बहुतेक चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या घरांतून. म्हणून या महिन्याचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. घोळ होतो तो रुळांवर कमी आणि भिंतीतल्या सॉकेटपाशी जास्त, त्यामुळे काही उत्तरं गाडीपेक्षा अॅडॅप्टरवर लांबली आहेत.

मुलगा पाच वर्षांचा आहे. दुकानात एका संचावर ३+, दुसऱ्यावर ८+ आणि तिसऱ्यावर १४+ लिहिलेलं होतं. तिन्ही दिसायला सारखेच. हा फरक कसला, आणि पाच वर्षांच्या मुलाला कोणता घ्यावा? (एक आई, ठाणे)

३+ संचात वीज इंजिनाच्या पोटातल्या सेलमधून येते आणि रूळ निव्वळ प्लास्टिकचे असतात. मेर्कलिन कंपनीची ‘माय वर्ल्ड’ ही मालिका या प्रकारची आहे. डबे एकमेकांना चुंबकानं जोडले जातात आणि भिंतीतल्या विजेशी कशाचाच संबंध नसतो.

८+ संचात वीज रुळांतून वाहते. भिंतीत अॅडॅप्टर, त्यापुढे वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर, त्याच्या दोन तारा दोन रुळांना, आणि चाकांमधून वीज मोटरपर्यंत. हॉर्नबीसारख्या कंपन्यांचे सुरुवातीचे संच या गटातले.

१४+ म्हणजे छंदवाल्या मोठ्यांसाठीचं मॉडेल. त्यावरच्या बारीक शिड्या, हँडल, आरसे बोटाच्या धक्क्यानं तुटतात. आणि मुख्य गोष्ट अशी की खेळण्यांचे सुरक्षा नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंना लागू असतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, विजेच्या खेळण्यांसाठीचं मानक आयएस १५६४४. खोक्यावर १४+ असेल तर ती वस्तू ‘मुलाचं खेळणं’ म्हणून तपासलेली नाही असं धरून चाला.

पाचव्या वर्षी दोन रस्ते आहेत. मुलाला एकट्यानं खेळायचं असेल तर सेलवरचा संच. तुम्ही रोज अर्धा तास शेजारी बसणार असाल तर ८+ संच घ्यायला हरकत नाही, पण तो घरातल्या मोठ्यांचा संच आणि मुलगा त्याचा ड्रायव्हर, असा व्यवहार पहिल्या दिवशीच ठरवा. या वयाचं मूल नॉब हळू फिरवणं, स्टेशनावर गाडी थांबवणं, हातानं सांधा (गाडीला दुसऱ्या वाटेवर वळवणारा रूळ) बदलणं, डबे जोडणं-सोडवणं छान करतं. जमत नाही ते इंजिन रुळांवर चढवणं, कारण सगळी चाकं एकदम खाचेत बसवावी लागतात. त्यासाठी प्लास्टिकची उतरती पट्टी मिळते. ती रुळांवर ठेवून वरून डबा सोडला की चाकं आपोआप बसतात. बऱ्याच संचांत ती असते, नसेल तर आधी तीच घ्या. मुलाची निम्मी चिडचिड तिथेच संपते.

रुळांचे तुकडे एकमेकांत सरळ सरकवण्याइतका हात साधारण सातव्या वर्षी बसतो. त्याआधी मूल तुकडा तिरका घुसवतं, टोकाची, दोन तुकडे जोडणारी पत्र्याची फिशप्लेट वाकते, आणि पुढे तिथेच गाडी अडखळते. प्लग लावणं-काढणं आणि इंजिन उघडणं मात्र दहाव्या वर्षापर्यंत मोठ्यांकडेच ठेवा.

रूळ उघडेच असतात आणि त्यात वीज असते. मुलीनं हात लावला तर शॉक बसणार नाही का? (एक बाबा, सोलापूर)

रुळांत साधारण १२ व्होल्ट डीसी असते. कोरड्या हातांनी दोन्ही रूळ एकदम धरले तरी काही जाणवत नाही, जीभ लावली तर झिणझिण्या येतात. युरोपच्या नियमांत विजेच्या खेळण्यासाठी २४ व्होल्ट ही कमाल मर्यादा आहे, आणि आगगाड्या तिच्या बऱ्याच आत असतात.

भीती बाळगायची ती अॅडॅप्टरची. त्याच्या एका बाजूला भिंतीतले २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला रुळांचे १२ व्होल्ट, आणि दोन्हींना वेगळं ठेवणारं थोडंसं इन्सुलेशन. बिननावाच्या स्वस्त अॅडॅप्टरमध्ये ते गेलं की २३० व्होल्ट थेट रुळांपर्यंत उतरू शकतात. म्हणून संचासोबत आलेलाच अॅडॅप्टर वापरा. नवा घ्यावा लागला तर त्यावर एकात एक दोन चौकोनांची खूण हवी (म्हणजे इन्सुलेशन दुहेरी आहे), बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण हवी, आणि आउटपुटच्या ओळीत व्होल्ट, अँपिअर, एसी की डीसी हे स्पष्ट छापलेलं हवं. लॅपटॉपचा जुना चार्जर जोडून देणारे हौशी लोक भेटतात, त्यांचं ऐकू नका. तो १९ व्होल्ट आणि तीन-चार अँपिअर देतो. गाडी रुळावरून घसरून शॉर्टसर्किट झालं की तेवढ्या करंटनं चाकांजवळचं प्लास्टिक वितळतं.

घरातल्या स्विचबोर्डाकडेही बघा. मेनच्या डब्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का? त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर घरातली वीज जायला हवी. जात नसेल तर गाडीचा विचार नंतर करा, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अॅडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा, जमिनीवर पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात नको. फरशी पुसताना पाणी तिथेच जातं, आणि मुलं गुडघ्यावर रांगत खेळतात तीही तिथेच. खेळ संपला की नुसता कंट्रोलर शून्यावर आणून थांबू नका, भिंतीतलं बटण बंद करून प्लग काढा. अॅडॅप्टर कोमट होणं ठीक, पण पाच सेकंद हात ठेववत नसेल इतका तापला तर तो बाद समजा.

अमेरिकेतल्या मामांनी मोठा संच पाठवला आहे. पिन चपटी आहे, ती बदलणारा छोटा प्लग आणला. लावू का? (एक आजोबा, कोल्हापूर)

थांबा, अजून लावू नका. तो छोटा प्लग फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही.

कंट्रोलरच्या किंवा अॅडॅप्टरच्या पोटावरची बारीक अक्षरं भिंगानं वाचा. ‘इनपुट’च्या पुढे १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर चांगल्या प्रतीचा प्लग बदलून बिनधास्त वापरा. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर आतला ट्रान्सफॉर्मर थोड्याच वेळात जळेल. जळताना वास आणि धूर होतो आणि कधी आवरणही वितळतं, तेही मूल शेजारी बसलेलं असताना.

सर्वांत सोपा आणि आमच्या मते योग्य मार्ग म्हणजे २३० व्होल्टवर चालणारा, दोन रुळांच्या डीसी गाडीसाठीचा कंट्रोलर इथे विकत घेणं. रूळ, इंजिन, डबे तेच राहतात. दुसरा मार्ग २३० चे ११० व्होल्ट करणारा १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. घेताना ‘आयसोलेशन’ किंवा ‘डबल वाउंड’ असाच मागा. स्वस्त ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये आत-बाहेरच्या तारा जोडलेल्याच असतात, मुलांच्या खेळाला तो नको. शिवाय ६० हर्ट्झसाठी बनवलेली वस्तू ५० हर्ट्झवर जरा जास्त तापते, त्यामुळे सलग अर्ध्या तासावर चालवू नका.

काही संचांत कंट्रोलर वेगळा आणि भिंतीतला अॅडॅप्टर वेगळा असतो. तिथे फक्त अॅडॅप्टर बदलून भागतं, पण जुन्याचं आउटपुट एसी आहे की डीसी हे नीट वाचा. दोन्ही प्रकार असतात आणि टोकाची पिन मात्र सारखीच दिसते.

हॉलमध्ये कायमची जागा नाही. ६ बाय ४ फुटांचा प्लाय आणून त्यावर रूळ बसवायचा विचार आहे. काय काय लागेल, आणि कसं बसवावं? (आई-बाबा, डोंबिवली)

६ बाय ४ म्हणजे १८३० बाय १२२० मिमी. १६.५ मिमी गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), एचओ किंवा ओओ मापाच्या गाडीसाठी हा पहिल्या लेआउटचा अगदी योग्य आकार आहे. हॉर्नबीच्या दुसऱ्या त्रिज्येचे म्हणजे ४३८ मिमीचे मोठे वळणाचे तुकडे ८ घ्या, त्यांचं पूर्ण वर्तुळ होतं. त्यात ३३५ मिमीचे सरळ तुकडे ४, दोन या बाजूला आणि दोन त्या बाजूला. अंडाकृती साधारण १५८० बाय ९१० मिमीची होते, म्हणजे लांबीच्या टोकांना प्रत्येकी १२ सेंमी आणि रुंदीच्या बाजूंना १५ सेंमी मोकळी कड उरते. ही कड सोडायचीच. रूळ टोकाशी नेऊन ‘मोठा लेआउट’ करायचा मोह होतो, आणि पहिल्याच घसरगुंडीत इंजिन फरशीवर येतं. गाडीची एक फेरी साधारण ४.१ मीटरची होईल.

३७१ मिमीची पहिली त्रिज्याही मिळते, पण लांब डबे त्या वळणावर एकमेकांना घासतात आणि मुलानं वेग वाढवला की पहिल्यांदा तिथेच गाडी उडते. जागा असेल तर टाळा.

प्लाय १२ मिमी, शक्य तर बीडब्ल्यूआर म्हणजे पाणी सोसणाऱ्या प्रतीचा. डोंबिवलीच्या पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो, आणि पाटाला बाक आला की रुळांचे जोड उघडतात. खाली पाइनच्या पट्ट्यांची चौकट, मध्ये दर दीड फुटाला एक आडवी पट्टी. हे सगळं वीस किलोच्या वर जातं, तेव्हा उभं करून भिंतीला टेकवून ठेवू नका. मुलाच्या अंगावर पडेल. चार-सहा छोटी चाकं लावून पलंगाखाली सरकवा. चाकं, चौकट, प्लाय आणि वरची गाडी मिळून साडेसात-आठ इंच उंची होते, म्हणून पलंगाखाली नऊ इंच मोकळे हवेत.

सहा वर्षांखालच्या मुलासाठी आम्ही टेबलापेक्षा हा जमिनीलगतचा पाटच पसंत करतो. मूल गुडघ्यावर बसलं की गाडी त्याच्या छातीच्या पातळीला येते, हात मध्यापर्यंत पोचतो, आणि घसरलेलं इंजिन फार तर अर्धा फूट पडतं. टेबलच करायचं असेल तर वरचा पृष्ठभाग जमिनीपासून ५० ते ५५ सेंमी, आणि दोन्ही लांब बाजूंनी वाट मोकळी. एकच बाजू मोकळी असेल तर मूल पलीकडचा डबा घ्यायला टेबलावर चढणारच.

कडा पॉलिशपेपरनं घासून घ्या आणि भोवती दोन इंच उंचीची बीडिंग पट्टी लावा, म्हणजे घसरलेला डबा आतच थांबेल. सुताराला कोपरे गोल करून द्यायला सांगा.

आता रूळ. सगळे तुकडे आधी नुसते जोडून मांडा आणि स्क्रू न लावता एक दिवस गाडी चालवून बघा. प्रत्येक जोडावरून नख फिरवा. जिथे नख अडकतं तिथे एक तर फिशप्लेटवर रूळ चढलेला असतो, नाही तर तुकडे तिरके बसलेले असतात. सगळं सरळ झालं की दर तिसऱ्या तुकड्याला अर्ध्या इंचाचा एक बारीक स्क्रू. त्याहून लांब स्क्रूचं टोक पाटाखाली बाहेर येतं आणि सरकवताना हाताला लागतं. स्क्रू आवळून टाकू नका, डोकं स्लीपरला (रुळांखालच्या आडव्या पट्टीला) नुसतं टेकलं की थांबा. जास्त आवळला की स्लीपर मध्ये खचतो, दोन्ही रूळ आत झुकतात, गेज आवळतं, आणि गाडी नेमकी त्या स्क्रूपाशी उडी मारू लागते. कारण शोधताना लोक चाकं तपासत बसतात.

तारांसाठी रुळांजवळ ६ मिमीचं भोक पाडा आणि तारा पाटाखालून न्या. वर एकही तार मोकळी नको. लाल तार बाहेरच्या रुळाला, काळी आतल्या. अंडाकृतीच्या समोरच्या बाजूला, म्हणजे दोन मीटरवर, याच दोन तारांची दुसरी जोडी द्या. नाही तर गाडी लांबच्या वळणावर दमल्यासारखी हळू होते. दुसऱ्या जोडीतही लाल बाहेर, काळी आत. इथे रंग उलटले तर थेट शॉर्टसर्किट. ०.५ चौरस मिमीची मऊ तार पुरते. डाग द्यायचा असेल तर तो मोठ्यांनी, मूल झोपल्यावर, खिडकी उघडून, आणि नंतर हात धुऊन. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

कंट्रोलर पाटाच्या पुढच्या कडेला पक्का बसवा. हातात मोकळा दिला की तो पडतो आणि तार ओढली जाते. आधी मोठ्यांनी चालवून कोणत्या आकड्यावर गाडी वळणात डगमगते ते बघा. त्याच्या थोडं अलीकडे नॉबभोवती रंगीत टेप चिकटवा, तिथपर्यंत हिरवी, पुढे लाल. चार वर्षांच्या मुलालाही हे लगेच कळतं. दिशा बदलायची तर आधी शून्यावर आणून गाडी पूर्ण थांबवायची. भरधाव गाडी उलटी फिरवली की आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात जातात. पाट बाजूला ठेवताना वर प्लास्टिकचा टेबलक्लॉथ घाला. सुती चादरीचे धागे चाकांच्या आसांना गुंडाळले जातात.

जादा तुकडे आणून मुलीनं गाडी गोल फिरून त्याच रुळावर उलट दिशेनं परत येईल अशी वाट केली. जोडणी पूर्ण झाली आणि गाडी बंद. संच बिघडला का? (एक आई, नागपूर)

बिघडला नाही. उलटी येणारी वाट दोन रुळांच्या गाडीत नुसती जोडून चालत नाही. आतला रूळ ऋण आणि बाहेरचा धन असं धरा आणि बोटानं बाहेरच्या रुळावरून चालत जा. वाट वळून परत आली की तुमचं बोट आतल्या रुळाला जाऊन भिडतं. धन आणि ऋण थेट जोडले जातात आणि कंट्रोलर स्वतःला वाचवायला वीज तोडतो.

यावर उपाय आहे. त्या फेरीच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांवर प्लास्टिकचे जोड घालून ती वेगळी करायची आणि तिच्यासाठी दिशा बदलणारा स्वतंत्र स्विच लावायचा. पण गाडी फेरीत असतानाच तो बरोबर वेळी फिरवावा लागतो. लहान मुलीसाठी एवढ्यात नको. तोवर साइडिंग करून द्या, म्हणजे एक सांधा आणि पुढे बंद होणारी वाट. मुलीला बोटानं रूळ ‘चालून’ हा गोंधळ दाखवा मात्र, सहाव्या-सातव्या वर्षी तो अगदी नीट समजतो.

मुलांच्या हातून शॉर्टसर्किटची आणखी कारणं ठरलेली असतात. रुळांवर आडवं पडलेलं नाणं, केसांची पिन, चॉकलेटची चांदी, किंवा सांध्यावर तिरकं उभं राहिलेलं इंजिन. खेळ सुरू करण्याआधी रुळांवरून एक नजर फिरवायची सवय लावा. वीज गेली की आधी नॉब शून्यावर, मग वस्तू शोधायची, मग पुन्हा हळू सुरू. नॉब फिरवत राहून ‘जोर लावायचा’ नाही. याच कारणानं रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज ठेवणारी डिजिटल प्रणाली आम्ही लहान मुलांसाठी सुचवत नाही. तिथे नॉब शून्यावर असतानाही रूळ जिवंत असतात.

गाडी जाता जाता थांबते, बोटानं ढकलली की परत चालते. सहा महिन्यांपूर्वी नवीन होती. (एक वाचक, रत्नागिरी)

ढकलल्यावर चालते म्हणजे मोटर ठीक, वीज पोचत नाही. रूळ आणि चाकं काळी झाली आहेत. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून रुळांच्या माथ्यावरून फिरवा, काळी रेघ उठेल. तुमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत ही तक्रार लवकर येते. रूळ पोलादी असतील तर तपकिरी गंजही दिसेल. चुंबक चिकटतो का बघा. चिकटला तर पोलाद, आणि पुढचे तुकडे घेताना निकेल सिल्व्हरचे घ्या. त्यांना गंज चढत नाही.

साफ करण्यासाठी प्लग काढा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापडाला थोडं लावून रूळ पुसा, आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज देऊ नका. ते ज्वालाग्राही आहे, म्हणून काम मोठ्यांचं, बाटली कपाटात. पॉलिशपेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ जास्त बसतो. भांडी घासायची तारेची घासणी तर अजिबात नको. तिचे केसाएवढे तंतू मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात आणि मोटर आतून शॉर्ट होते.

इंजिन उलटं करून चाकांचा माथा ओल्या इअरबडनं पुसा. मोटरला जोडलेली चाकं हातानं फिरत नाहीत, कारण आत वर्म गिअर असतो. जबरदस्ती केली तर दात तुटतील. दिसतो तेवढा भाग पुसा, वाळू द्या, इंजिन रुळावर थोडं पुढे न्या, उरलेला भाग पुसा. एखाद-दोन चाकांवर रबराची कडी असते, ती अल्कोहोलनं फुगते, तिला कोरडं कापडच लावा. तेल हवं तर प्लास्टिकला चालणारं, सुईच्या टोकावरचा एक थेंब, फक्त आसाला. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरतं.

हे सगळं करूनही तीच एक जागा अडत असेल तर तिथली फिशप्लेट सैल झाली आहे. ती बदला, ती अगदी स्वस्तात मिळते.

बटणानं सांधा बदलणारी मोटर महिन्याभरात जळाली. (एक बाबा, छत्रपती संभाजीनगर)

मुलानं बटण दाबून धरलं असणार. या मोटरच्या दोन गुंडाळ्यांना क्षणभर मोठा करंट लागतो, सांधा ‘खट्’ झाला की तो थांबायला हवा. दोन-चार सेकंद चालू राहिला तर गुंडाळी जळते. मध्ये कपॅसिटरवर चालणारं डिस्चार्ज युनिट बसवलं की बटण कितीही वेळ दाबलं तरी एकच झटका जातो. पण लहान मुलाला हातानं सांधा बदलण्यात जास्त मजा येते, तेव्हा सध्या मोटर नकोच.

मोठा सहा वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. ती सगळं तोंडात घालते. दोघांना एका घरात कसं जमवावं? (एक आई, पुणे)

मोठ्याचा खेळ धाकटीच्या झोपेच्या वेळेत, नाही तर दार लावलेल्या खोलीत. एरवी जमिनीलगतचा पाट आम्ही सुचवतो, पण तुमच्या घरी तो चालणार नाही. दीड वर्षाचं मूल ५५ सेंमीच्या टेबलावरूनही वस्तू ओढतं, म्हणून खेळ संपल्यावर इंजिन-डबे झाकणाच्या डब्यात घालून वरच्या फडताळात ठेवायचे. टेबलावर रूळ राहिले तरी चालतील.

घशात अडकण्यासारखी वस्तू ओळखायला खेळण्यांच्या चाचणीत ३१.७ मिमी व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलापासून दूर. डब्यांचे हुक, बफर, फिशप्लेट, स्क्रू, सिग्नलचे दिवे, छोटी माणसं, सगळं त्यात मावतं.

दोन गोष्टींवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. एक, रिमोटमधले बटणासारखे चपटे सेल. त्यांच्या झाकणाला स्क्रू नसेल तर तो रिमोट घरात नको. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत खोल भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघत बसू नका, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. दोन, सुटे झालेले चुंबक. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन पदरांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. चुंबकाच्या हुकाला चीर गेलेला डबा त्याच दिवशी बाजूला काढा.

डोंगर-बोगदा थर्माकोलचा करू का? (एक आजी, सांगली)

थर्माकोल लवकर पेटतो, त्याचे दाणे सुटून रुळांत आणि धाकट्यांच्या तोंडात जातात, आणि रबर-सोल्यूशनसारख्या गोंदानं तो विरघळतो. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा करा आणि वर पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राचे तीन-चार थर द्या. दोन दिवस वाळू द्या, मग पोस्टर कलर. यात नातवंडांचे हात कोपरापर्यंत बुडाले तरी चालतं. प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र मुलांच्या हातानं कालवू नका, घट्ट होताना ते चांगलंच तापतं.

बोगद्याची उंची रुळाच्या माथ्यापासून साडेसात सेंमी, आणि वळणावर रुंदी जास्त, कारण लांब डब्याचा मधला भाग आत आणि टोकं बाहेर येतात. बोगदा पाटाला चिकटवू नका, उचलता यायला हवा. गाडी आतच घसरते.

वडिलांनी १९७४ साली जर्मनीहून मेर्कलिनचा संच आणला होता. नातवाला द्यावा का? (एक आजोबा, नाशिक)

इंजिन-डबे दाखवा, पण ट्रान्सफॉर्मर लावू नका. पन्नास वर्षांत वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं आणि आतलं इन्सुलेशन डोळ्यांना दिसत नाही. शिवाय तो २२० व्होल्टसाठी बनलेला आहे. हा संच चालतोही वेगळ्या पद्धतीनं, १६ व्होल्ट एसीवर, रुळांच्या मधल्या ठिपक्यांतून वीज घेऊन. त्याची दोन्ही बाजूंची चाकं विजेनं एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून ते डबे साध्या दोन रुळांच्या लेआउटवर ठेवले की शॉर्ट होतं. संच एकत्र करू नका. तो पुन्हा चालवायचाच असेल तर मेर्कलिनचाच नवा २३० व्होल्टचा पुरवठा घ्या, आणि आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

मुलाला डेक्कन क्वीनसारखी आपली गाडी हवी आहे, परदेशी नको. (आई-बाबा, पिंपरी)

सेंटी टॉइजसारख्या भारतीय कंपन्यांच्या प्लास्टिकच्या, सेलवर चालणाऱ्या भारतीय गाड्या मिळतात, लहान मुलाला त्या पुरतात. मापात बनवलेली भारतीय इंजिनं महाग आणि नाजूक असतात, आणि एक तडजोड त्यांतही असते. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओ मापासाठी (मूळ गाडीच्या १/८७) ते ८७ नं भागलं तर १९.३ मिमी येतं. प्रत्यक्षात ती गाडी १६.५ मिमीच्या तयार रुळांवरच चालवतात, म्हणून डबा रुळांच्या मानानं जरा रुंद दिसतो. चौकस मुलाच्या लक्षात येईल, तेव्हा हे गणित सांगून टाका.

खरेदीआधी पुण्यात कोथरूडला जोशी यांचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय दाखवून आणा. भाऊ जोशींनी उभारलेलं हे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. एवढ्या गाड्या एकाच वेळी न धडकता कशा चालतात, सिग्नल कसा पडतो, हे तिथे दिसतं, आणि मूल नक्की कशात रमतं तेही तुम्हाला कळतं. काहींना गाडी हवी असते, काहींना सिग्नल, काहींना नुसता पूल.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवली तर चालेल का? अॅडॅप्टर गुणगुणतो. (एक वाचक, बीड)

जुन्या, चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर असलेला जड अॅडॅप्टर गुणगुणतो आणि नेहमीपेक्षा जास्त तापतो. तो बंद ठेवा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असेल तर हरकत नाही. आणि वीज गेली त्या क्षणी नॉब शून्यावर आणायला मुलाला शिकवा, नाही तर ती परत येते तेव्हा गाडी पूर्ण वेगानं सुटते आणि पहिल्याच वळणावर पाटाबाहेर जाते.